उपड्या टोपलीवर

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात नीराबाई पाव घ्यायला गेली, की आधी तो दाबून बघायची, मग हुंगायची आणि मग पाववाल्याच्या तोंडाकडं बघायची. पाव ताजा असला आणि पाववाल्याचं तोंड शिळं दिसलं, तर ती तशीच परत फिरायची. डॉक्टरनं दोन गोळ्या दिल्या तर दोन का, एक का नाही, हे ती कंपाउंडरला बाजूला घेऊन विचारायची. आणि कंपाउंडरनं सांगितलेलं खरं का, हे घरी येऊन सुनेला विचारायची.

तिचं हसं व्हायचं, पण पाठीमागून. कारण बर्फाची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. एका हंगामात बंदरावर येणारा बर्फवाला भलताच गोड बोलायला लागला, म्हणून नीराबाईनं त्याच्या लादीवर कोयतीचा दांडा आपटून कान लावला. "पोकल हाय," म्हणाली. लादी फोडली तर आत खरोखर पोकळी, हात जाईल एवढी. तेव्हापासून खळ्यावरच्या बायका कुणाकडून काही घ्यायचं झालं की आधी म्हणायच्या, "नीराबायला दाव."

नवरा भागोजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा विनेश दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, महिन्यातले निम्मे दिवस पाण्यावर. सून दिशा अलिबागला एका वकिलाकडं कामाला जायची आणि वकिलीच्या परीक्षेला बसली होती. पण नीराबाईचा खरा संसार म्हणजे खळं. किनाऱ्यावरची ती मोकळी वाळू, तिच्यावर रोवलेले बांबू, बांबूंना एकावर एक ताणलेल्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर उन्हात वाळणारे बोंबील.

बोंबील वाळत घालायचे म्हणजे दोन मासे घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एक इकडं लोंबतो, एक तिकडं. अडकवताना अंगठ्यानं नेमका दाब द्यावा लागतो. दात दातात बसले की बारीकसा 'कच' होतो. तो झाला की वारा येवो नाहीतर वावटळ, जोडी सुटत नाही. प्रत्येकीच्या हाताची तऱ्हा वेगळी. नीराबाई उजवा मासा डाव्यात घालायची. तिची जाऊ सगुणा डावरी, ती डावा उजव्यात घालायची. दोरीकडं नुसतं बघून बाया सांगत, ही कुणाची.

नीराबाईची दोरी समुद्राकडची, सगळ्यात वरची. तिला वाऱ्याची दोरी म्हणत. तिथला बोंबील एक दिवस आधी वाळतो आणि पांढराशुभ्र राहतो. ती दोरी सासूची. सासू गेल्यावर थोरली म्हणून नीराबाईला मिळाली. तेव्हा सगुणा चार बायकांत बोलून गेली, "मोठी म्हनून गावली, हाताची म्हनून न्हाय." त्या दिवसापासून दोघींचा अबोला. दारं समोरासमोर, खळ्यावर बांबू शेजारीशेजारी, आणि तोंडात शब्द नाही. सगुणाचा नवरा गणराज मधल्या मधे निरोप पोचवून कंटाळला होता.

यंदा थंडी सुरू झाली आणि नीराबाईच्या दोरीवर फटी दिसू लागल्या.

पहिल्या सकाळी तिला वाटलं, आपणच कमी टाकले असतील. दुसऱ्या सकाळी तिला तसं वाटलं नाही. संध्याकाळी दोरी गच्च भरलेली सोडून जावं आणि उजाडता यावं तर मधेच दोन बोटं मोकळी जागा, पुढं पुन्हा तशीच. नीराबाई कमरेवर हात ठेवून दोरीखाली उभी राहिली आणि तिनं एकेकाला तपासून सोडायला सुरुवात केली.

मांजर? एवढ्या उंच दोरीवर मांजर चढत नाही. कावळा? कावळा डोकं ठेवतो आणि अंग नेतो, इथं डोकंही नाही. कुत्री? खळ्यावरची कुत्री यंदा माजली होती खरी, पण कुत्र्याला काय शिडी आहे? मग राहिला माणूस. परका माणूस असता तर खालच्या, हाताशी आलेल्या दोरीवरून नेलं असतं. हा वरून नेतो, म्हणजे त्याला वरचा माल ओळखता येतो. म्हणजे खळ्यावरची बाई. आणि खळ्यावर सगळ्यांच्या आधी, अंधुकात कोण येतं?

सगुणा येते.

इतकं झाल्यावर तिला जरा बरं वाटलं. मग ती कामाला लागली. अंगठा पावसाळ्यापासून ठणकत होता. मेडिकलवाल्यानं दिलेलं मलम नकली निघालं, याबद्दल तिची खात्री होती. शेजारच्या बंगल्याच्या बांधकामावरचा मिक्सर दिवसभर घरघरत असायचा, त्यामुळं हल्ली तो 'कच'ही धड कानावर यायचा नाही. मुंबईच्या लोकांनी किनाऱ्याला बंगले बांधायचे आणि आमच्या कानाला त्रास. त्यातही काहीतरी काळंबेरं असणार, पण ते नंतर बघू, असं तिनं ठरवलं.

त्या रविवारी दिशा ओट्यावर कोळंबी सोलत बसली होती. समोर डब्याला टेकवलेला मोबाइल इंग्रजी शब्द बोलत होता आणि ती मागून पुटपुटत होती. "इन्फर. डिड्यूस. अ‍ॅड्यूस. अ‍ॅड्यूस..."

"कोन गो ती अड्यूस?" नीराबाईनं विचारलं. "तुज्या वकिलाकं येते ती? घटस्फोटवाली?"

दिशाला हसू आवरेना. "आई, बाई नाही ती. क्रियापद आहे. पेपरला येतं."

"काय करतं ते?"

"आता बघा. डिड्यूस म्हणजे खुणा बघायच्या नि त्यावरून मनातल्या मनात काय ते ओळखायचं. ते तुम्ही सकाळपासून करता."

"टोमना मारू नको. नि ह्ये दुसरं?"

"अ‍ॅड्यूस म्हणजे, ज्याच्या जोरावर तुम्ही बोलताय ते आणून समोर ठेवायचं. पुरावा, दाखला, कारण. निकालात लिहितात, 'अमक्यानं कोणताही पुरावा अ‍ॅड्यूस केला नाही.' की संपली केस. रोजच्या बोलण्यात कुणी वापरत नाही, इंग्रजसुद्धा नाही. वकील, न्यायाधीश नाहीतर मोठे प्रोफेसर."

नीराबाईनं सोललेली टरफलं एका बाजूला सारली. मग म्हणाली, "म्हंजे टोपलीवर ठेवनं."

दिशाचा हात थांबला. खळ्याची ती रीत तिनंही ऐकली होती. ज्या बाईची कुणाबद्दल तक्रार असेल, तिनं पुनवेच्या दुपारी सगळ्यांत मधोमध टोपली उपडी घालायची, तिच्यावर वस्तू ठेवायची आणि मगच नाव घ्यायचं. टोपली मोकळी आणि तोंडात नाव, हे चालत नाही. ठेवलेली वस्तू आधी जिचं नाव घेतलं तिच्या हातात द्यायची, मग सगळ्यांच्या. तक्रार खरी निघाली तर चोरणारीचे बांबू उपटायचे आणि तिला खळ्यावरून काढायची. खोटी निघाली तर तक्रार करणारीनं आपली दोरी सोडून तिला द्यायची.

"हो आई. अगदी तेच."

"मंग तेच बोल ना. एवढ्याला फी कशाला भरलीस?" नीराबाईनं कोळंबीचं भांडं जवळ ओढलं. "तर ऐक. येत्या पुनवेला मी सगुनीला अड्यूस करनार हाय."

"माणसाला नाही करत अ‍ॅड्यूस. संशयालासुद्धा नाही. तुम्हाला संशय आलाय, तो टोपलीवर कसा ठेवाल? तो कशावरून आला, ते ठेवायचं."

"जोड्या जातात माज्या!"

"जोड्या मुळात दोरीवर होत्या, हे कशावरून?"

"मी अडकवल्या व्हत्या!"

"ते तुम्ही म्हणता."

नीराबाईनं सुनेकडं रोखून बघितलं. "तू कुनाकडची गो?"

"कोर्टात असंच विचारतात, आई."

"कोर्टात विचारू दे. घरात कोन शिकवतो तुला? परवा सगुनीनं तुला वाटी भरून सुकटीची चटनी दिली. मना दिसलं न्हाय असं समजू नको."

"चटणी तुम्हीपण खाल्लीत की."

"खाल्ली. बघाया, काय घातलंय त्यात."

दिशानं डोक्याला हात लावला. हात कोळंबीचा होता, म्हणून पुन्हा आंघोळीला गेली.

पण तो शब्द नीराबाईच्या डोक्यात रुतला. मनातलं ओळखणं आणि पुढ्यात ठेवणं, यांत एवढं अंतर असतं हे तिला कधी जाणवलं नव्हतं. बर्फाच्या वेळी लादी समोरच होती. इथं काय आहे? जे चोरीला गेलं ते गेलं, ते कसं ठेवणार? ठेवायला काहीतरी हवं. आणि चुकलं तर वाऱ्याची दोरी सगुणाच्या हातात जाणार. सगुणा तर त्याचीच वाट बघत असेल. कदाचित त्यासाठीच चोरत असेल, आपण चिडून टोपली घालावी आणि तोंडघशी पडावं म्हणून. हा विचार आला आणि नीराबाईला दोन घास कमी गेले.

दुसऱ्या दिवसापासून ती दोरीवरची जोडी अन् जोडी निरखू लागली. आणि तिला सापडलं.

फटींच्या आसपास काही जोड्या उलट्या अडकवलेल्या होत्या. डावा उजव्यात. नीराबाईनं आयुष्यात कधी तसं अडकवलं नव्हतं. ती हरखली. आता सगळं जुळलं. चोरणारी जोडी काढते, फट दिसू नये म्हणून शेजारच्या जोड्या सोडून पुन्हा सरकवून अडकवते, आणि तिथं तिचा डावा हात कामाला येतो. त्या माशांच्या एका अंगाला वाळूही चिकटलेली होती. घाईघाईत काढून खाली ठेवले असणार. दुसरं काय?

तिनं त्यातली एक जोडी सोडवली नाही, तशीच्या तशी जपून उतरवली, फडक्यात गुंडाळली आणि घरी मिठाच्या बरणीमागं लपवून ठेवली. दिशाला दाखवली नाही. दिशा अजून चटणीच्या बाजूची होती.

पुनवेला खळ्यावर बायका जमल्या. मधे बसली कमळआत्या. खळ्यावरची सगळ्यात म्हातारी, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा, आवाज मात्र अजून बंदरापलीकडं जाणारा. दिशाही सुट्टी टाकून आली होती. सासूचं काय होतं या काळजीनं ती बायकांच्या मागं उभी होती.

नीराबाईनं टोपली आणली, उपडी घातली, फडकं सोडलं आणि जोडी टोपलीवर ठेवली. मग म्हणाली, "सगुना."

बायकांत कुजबुज उठली. सगुणा जागेवरून हलली नाही. काष्ट्याचा सोगा नीट खोवत तिनं टोपलीवरच्या माशांकडं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. नीराबाईनं ते टिपलं. सापडली.

"काय बोलनं हाय तुजं?" कमळआत्यानं विचारलं.

"माज्या दोरीवरच्या जोड्या जातात. ही माज्याच दोरीवरची. अडकवनी कुनाची ते बगा. ह्यो हात माजा न्हाय. खल्यावर डावरी एकच हाय."

रीतीप्रमाणं जोडी सगुणाच्या हातात गेली. तिनं ती बघितलीच नाही, नुसती तळहातावर धरली.

"सगुने, ही अडकवनी तुजी?"

"व्हय आत्या. माजी."

गलका झाला. कुणीतरी म्हणालं, "अगो बया, सक्खी जाऊ!" नीराबाईच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिनं मान वळवून दिशाकडं बघितलं, झालं का समाधान, अशा नजरेनं.

"दुसरीच्या दोरीला हात का लावलास?" कमळआत्यानं विचारलं.

सगुणा वाळूकडं बघत राहिली.

"बोल गो. गप बसलीस तर तुजे बांबू उपटतील ह्या."

सगुणानं ओठ दाबून धरले. नीराबाईला ते दाबलेले ओठ आवडले नाहीत. चोर पकडला गेला की रडतो, नाहीतर भांडतो. हे तिसरंच काहीतरी होतं.

कमळआत्यानं जोडी आपल्याकडं घेतली. चष्मा वर करून डोळ्याजवळ धरली, बोटानं खरवडली. "ही वालू कशी?"

"काढून खाली ठेवली असंल," नीराबाई म्हणाली.

"न्हाय. वालू आत रुतून वालली हाय. म्हंजे मासा वला असताना वालूत पडला, घटकाभर तसाच व्हता, मंग कुनी उचलून वर टाकला. अडकवनारीनं काढला न्हाय. पडलेला उचलला."

पुरावा नीराबाईनं ठेवला होता, पण आता तो ज्याच्या त्याच्या हातात जात होता आणि ज्याचं त्याला काही वेगळंच सांगत होता.

"पडंल कसा?" ती म्हणाली. "मी अडकवलेला पडत न्हाय."

"मंग अडकव. दोगींच्या हातातला फरक बगू दे आमाला."

"कशाला? समद्यांना ठावं हाय."

"नीरा, टोपली तू घातलीस. अडकव."

ह्यात डाव आहे, असं नीराबाईला वाटलं. आत्या, सगुणा आणि दिशा, तिघींचा. पण बायका बघत होत्या. तिनं माशांच्या हाऱ्यातून दोन ताजे बोंबील घेतले. उजवा डाव्यात. अंगठा दाबला. बंगल्यावरचे गडी जेवायला गेले होते आणि मिक्सर बंद होता. सगळं खळं शांत होतं, आणि त्या शांततेत 'कच' झालाच नाही.

तिनं जोडी दोरीवर टाकली. जोडी लोंबली, जरा हलली आणि सुटली. दोन्ही मासे वाळूत.

"ताजं हाय, आत्या," सगुणा घाईनं म्हणाली. इतका वेळ न बोललेली. "ताजं सरकतं. नि आज दमट पन हाय."

ताजा सरकतो! ताजाच तर अडकवतात. खळ्यावरच्या पोरीबाळींनाही हे माहीत होतं. सगुणा काय बोलतेय हे सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांत शेवटी नीराबाईला कळलं.

तिनं आणखी दोन मासे घेतले. कुणी सांगितलं नव्हतं. अंगठा जोर लावून दाबला, ठणक कोपरापर्यंत गेली. दात दाताला टेकले, बसले नाहीत. तिनं ती जोडी दोरीवर टाकली नाही. जाऊन टोपलीवर ठेवली. ठेवता ठेवता ती उघडली.

गप्प राहता आलं असतं. मासे ताजे, हवा दमट, सगुणानं वाट करून दिली होती. त्या वाटेनं जावं तर सगुणाचे बांबू उपटले गेले असते, कारण दुसरीच्या दोरीला हात लावल्याचं ती कबूल करून बसली होती. आणि खरं बोलावं तर ज्या बाईचा अंगठा बसत नाही तिला खळ्यावर दोरी नसते. ती म्हाताऱ्यांबरोबर सावलीला बसून जवळा निवडते.

"अंगठा गेलाय माजा," नीराबाई म्हणाली. "मीच अडकवते, तेच पडतं. पडल्यावर कुत्री नेतात. उरल्यालं ही उचलून टाकते."

मागं दिशानं पदर तोंडाला लावलेला तिला दिसला. रडते की हसते, ते कळेना.

कमळआत्यानं टोपली सुलटी केली. "दोरी सगुनेची," एवढंच म्हणाली.

त्यानंतर काही दिवस नीराबाई सावलीला जवळा निवडत बसली. जवळ्यात कचरा किती, तो आधीपासून होता की कुणी मिसळला, हे ती बघत होती. डोळा मात्र वाऱ्याच्या दोरीवर. दोरीवर आता सगळीकडं डावा उजव्यात होता. फट नव्हती. दिशानं तिला अलिबागच्या हाडांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं अंगठ्याला पट्टा दिला आणि वेळीच यायला हवं होतं, असं सांगितलं. बाहेर आल्यावर नीराबाई म्हणाली, "सगले हेच सांगतात. उशिरा गेलं की त्यांची चूक दिसत न्हाय."

एका सकाळी सगुणा कमळआत्याकडं आली. नीराबाई हाताच्या अंतरावर बसलेली, तरी बोलली आत्याशीच.

"आत्या, वरच्या दोरीला जोड्या लावून देनारी पायजे मना. वजनाला वजन, लांबीला लांबी. माजं डोलं चालत न्हायत अंधुकात. एक जड एक हलका लागला तर सरकतो."

"मंग बघ कुनीतरी."

"बगाया सवड कुटं हाय? कुनी रिकामं असंल तर लाव."

आत्यानं नीराबाईकडं बघितलं. नीराबाईनं जवळ्याचं सूप बाजूला ठेवलं, उठताना गुडघ्यांना शिवी दिली आणि दोरीखाली जाऊन हाऱ्याजवळ बसली. ती दोन मासे निवडून द्यायची, सगुणा अडकवायची. कच. पुन्हा दोन. कच. उन्हं वर आली, हारा निम्मा रिकामा झाला.

नीराबाईचं डोकं मात्र चालू होतं. हिनं एवढे दिवस आपले मासे का उचलले? दोरी हवी होती तर पडू द्यायचे होते, आपोआप मिळाली असती. टोपलीसमोर तोंड का उघडलं नाही? काय हवंय हिला? हिच्या गणराजचं विनेशकडं काही काम अडलंय का? तिनं एकेक कारण उचललं, बघितलं, खाली ठेवलं. एकही बसेना. डोक्यातून काढून मिळत नव्हतं. उत्तर तिच्याकडंच मागावं लागणार होतं, आणि मागायचं तर बोलावं लागणार होतं.

"काय गो," नीराबाई शेवटी म्हणाली. इतक्या वर्षांनी ती तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. "माजं मासं कशाला उचलायचीस?"

सगुणाचा हात दोरीवर थांबला. तिनं वळून बघितलं नाही.

"कुत्री माजतात," ती म्हणाली.

"खोटं बोलतंस," नीराबाई म्हणाली, आणि पुढची जोडी तिच्या हातात दिली.